जंगलाची उचल

कोल्हापूर म्हटलं की ऊस, गूळ आणि पंचगंगा आठवते. पण जिल्ह्याची पश्चिम कड वेगळीच आहे. शाहूवाडी, पन्हाळा, गगनबावडा, राधानगरी, भुदरगड, आजरा आणि चंदगड या तालुक्यांत सह्याद्रीच्या माथ्यावर आणि उतारांवर जांभूळ, अंजनी, हिरडा, ऐन, किंजळ, फणस यांचं दाट, बऱ्याच ठिकाणी निमसदाहरित रान आहे. दाजीपूरचं अभयारण्य 1958 पासून आहे. राधानगरी अभयारण्य म्हणून ओळखलं जाणारं हेच रान 2012 मध्ये पश्चिम घाटाचा भाग म्हणून जागतिक वारसा यादीत गेलं. डिसेंबर 2020 मध्ये विशाळगड, पन्हाळगड, गगनबावडा, आजरा-भुदरगड आणि चंदगड इथे संवर्धन राखीव क्षेत्रं मंजूर झाली. सरकारी जंगलाच्या संरक्षणाबद्दल इथे बरंच लिहिलं-बोललं जातं. त्याला लागूनच शेतकऱ्यांच्या सातबाऱ्यावर असलेलं जे मालकी रान आहे, त्याच्याकडे मात्र फारसं कुणी बघत नाही. वाघ-गव्याला सातबारा कळत नाही. त्यांच्या वाटा याच रानांतून जातात.

हे रान विकलं कसं जातं, ते आधी पाहू. घरात लग्न निघतं, कुणाला मोठं दुखणं येतं, मुलाच्या शिक्षणाची फी भरायची असते. डोंगराळ तालुक्यातल्या कुटुंबाकडे अशा वेळी विकण्यासारखं जे असतं, त्यात डोंगरातलं उभं रान पहिलं. लाकडाचा व्यापारी येतो, रान फिरून पाहतो आणि उक्ता सौदा ठरवतो: एवढ्या सर्वे नंबरातली सगळी झाडं, एवढे पैसे, निम्मे आज, उरलेले तोड झाल्यावर. परवानगीचे कागद, वाहतूक पास, तोडीचे मजूर, ट्रक, सगळं तोच बघतो. मालकाला घनमीटर मोजायचा नसतो, मोजता येतही नाही. उक्त्या सौद्यात व्यापाऱ्याचा फायदा एकाच गोष्टीत असतो, मिळेल ते सगळं तोडण्यात. निवडून चार जुनी झाडं घ्यायची आणि दहा वर्षांनी पुन्हा यायचं, हे त्याच्या हिशेबात बसत नाही, कारण दहा वर्षांनी सौदा त्याच्याशीच होईल याची खात्री नसते. मग सपाट तोड होते. इमारती लाकूड एकीकडे जातं, जळाऊ लाकूड भट्ट्यांकडे आणि कारखान्यांच्या बॉयलरकडे. मोकळ्या झालेल्या उतारावर काजू लागतो. रत्नागिरी-सिंधुदुर्गात हे चित्र आणखी मोठं आहे. तिथल्या जंगलाचा फार मोठा भाग मालकीचाच आहे. सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यातल्या वृक्षतोडीचं प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं आणि 2013 मध्ये तिथे तोडीवर बंदी आली.

बंदी हा एक मार्ग आहे. पण ज्याच्या घरात दुखणं आलंय, त्याची गरज बंदीने भागत नाही. माझं म्हणणं असं आहे की या साऱ्या प्रश्नाचं मूळ पैशाच्या वेळेत आहे. ज्याची उचल, त्याची तोड. तोडीआधी रोख पैसा जो देतो, तोच किती तोडायचं, काय तोडायचं आणि कुठल्या भावाने विकायचं हे ठरवतो. जंगल कागदावर कुणाच्याही नावावर असो. महाराष्ट्रातल्या आदिवासी आणि वनवासी समाजांच्या जंगलांचा गेल्या आठ-नऊ दशकांचा इतिहास आणि जगातल्या उष्ण प्रदेशांतले काही प्रयोग या नजरेने तपासले, तर एक सलग धागा दिसतो.

इतिहास ठाणे जिल्ह्यातून सुरू होतो. 1930 च्या दशकाच्या अखेरीस बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळाच्या काळात डी. सिमिंग्टन या अधिकाऱ्याने मुंबई प्रांतातल्या आदिवासींच्या स्थितीवर अहवाल दिला. सावकार, जमीनदार आणि जंगलाचा ठेकेदार हे तिघे मिळून माणसाला कसे बांधून ठेवतात, हे त्यात स्पष्ट मांडलं होतं. लग्नासाठी घेतलेल्या थोड्या रकमेपोटी वेठबिगार, आणि जंगलातल्या कामाची मजुरी ठेकेदाराच्या मर्जीवर. 1945 च्या वारली उठावानंतरच्या वर्षी जंगलतोडीच्या मजुरीसाठीच संप झाला. गोदावरी आणि शामराव परुळेकरांच्या नेतृत्वाखालचा तो लढा मराठी वाचकांना ठाऊक आहे. तो वेठबिगारीइतकाच लाकडाच्या हिशेबाचाही लढा होता, हे मात्र कमी लक्षात घेतलं जातं.

1947 मध्ये सरकारने एक धाडसी पाऊल टाकलं. जंगलाच्या कुपांचा लिलाव करून ठेकेदाराला देण्याऐवजी ते कूप आदिवासींच्या जंगल कामगार सहकारी संस्थांना द्यायचे ठरलं. कूप म्हणजे कार्य आयोजनेनुसार त्या वर्षी तोडीसाठी आखून दिलेला जंगलाचा तुकडा. वनखातं तोडायच्या झाडांवर खुणेचा हातोडा मारणार, संस्थेचे सभासद तोडणार, ओंडके डेपोत लावणार, विक्रीतून मजुरी आणि नफ्याचा वाटा मिळणार. ठेकेदाराच्या भांडवलाची जागा सहकाराने घ्यायची, हा त्यामागचा विचार. मला हा विचार आजही फार मोलाचा वाटतो. आदिवासींना लाकडाच्या व्यवहारात मजूर म्हणून नव्हे तर धंद्याचे भागीदार म्हणून आणण्याचा देशातला हा पहिल्या काही प्रयत्नांपैकी एक होता. पश्चिम महाराष्ट्रातल्या साखर कारखान्यांची सहकारी चळवळ अजून उभी राहायची होती, तेव्हाची ही गोष्ट.

पुढे काय झालं, तेही पाहायला हवं. काही संस्था चांगल्या चालल्या. त्यांनी शाळा काढल्या, विहिरी खोदल्या, सभासदांना बोनस दिला. पण बऱ्याच ठिकाणी हिशेब सभासदांच्या हाती आला नाही. सचिव आणि पुढारी व्यवहार बघू लागले आणि व्यापारी मागच्या दाराने परतला. त्याहून मोठी गोष्ट अशी की जंगल संस्थेचं नव्हतं. कूप किती आणि कुठे मिळणार हे खातं ठरवणार, त्यामुळे वीस वर्षांचा विचार करायला संस्थेला काही कारणच नव्हतं. 1988 च्या राष्ट्रीय वननीतीने उत्पन्नापेक्षा पर्यावरणाला अग्रक्रम दिला आणि गोदावर्मन प्रकरणातल्या सर्वोच्च न्यायालयाच्या 12 डिसेंबर 1996 च्या आदेशाने मंजूर कार्य आयोजनेशिवाय तोड थांबली. कूप आटले आणि संस्थाही आटल्या. या संस्थांकडे भांडवलाची सोय होती, मालकी नव्हती.

मालकीच्या झाडांबाबत उलट घडलं. नंदुरबार-धुळ्यापासून ठाण्यापर्यंत आदिवासी खातेदारांच्या शेतात साग उभा होता आणि व्यापारी तो किरकोळ पैशांत उचलत होते. त्यावर उपाय म्हणून 1969 मध्ये आदिवासी खातेदारांच्या झाडांच्या विक्रीचं नियमन करणारा कायदा आला. विक्री जिल्हाधिकारी आणि वनखात्यामार्फत व्हायची. हेतू चांगला. पण सरकारी मोजणी, तोड, लिलाव आणि पैसे हाती येणं यात जो काळ जातो, तो गरजवंताला परवडत नाही. म्हणून व्यापारी आधी रोख देतो आणि नंतर खातेदाराच्या नावाने कागद रंगवतो. कायद्याने भाव सुरक्षित केला, पण पैशाची वेळ सुरक्षित केली नाही. 1974 मध्ये जमीन महसूल संहितेत दुरुस्ती होऊन आदिवासींची जमीन बिगर-आदिवासींकडे जाण्यावर कडक निर्बंध आले. ती दुरुस्ती अत्यावश्यकच होती. तिच्याविना ठाणे-पालघरमध्ये आज आदिवासींकडे गुंठाभर जमीन उरली नसती. पण बँकेच्या दृष्टीने ही जमीन तारण म्हणून जवळजवळ निरुपयोगी झाली आणि तारण नाही म्हणून कर्ज नाही, हे चक्र तसंच राहिलं.

2006 च्या वनहक्क कायद्याने मालकीचा प्रश्न नव्याने मांडला. गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) हे सुमारे शंभर घरांचं गोंड गाव. 2009 मध्ये 1,809.61 हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळालेलं हे देशातल्या पहिल्या गावांपैकी एक. त्याआधी कित्येक वर्षं देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासोबत गावाने अभ्यासगट चालवले होते, सर्वसंमतीने निर्णय घ्यायची सवय लावली होती आणि कागद कारखान्याला सवलतीत जाणाऱ्या बांबूला विरोध केला होता. हक्क मिळाल्यावरही बांबू विकता येईना, कारण वनखातं वाहतूक पास द्यायला तयार नव्हतं. बांबू हे लाकूड की गौण वनोपज, असा वाद घातला गेला. कायद्यात बांबू गौण वनोपजात स्पष्ट लिहिलेला असूनही. मार्च 2011 मध्ये केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी सर्व मुख्यमंत्र्यांना याबद्दल पत्र लिहिलं आणि 27 एप्रिल 2011 रोजी ते स्वतः मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाणांसह मेंढ्यात आले. वाहतूक पासचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं गेलं. गावाने स्वतःच्या सहीने माल बाहेर पाठवला. 2013 मध्ये गावाने सगळी शेतजमीनही ग्रामदानात, म्हणजे ग्रामसभेच्या मालकीत, आणली.

चंद्रपूर जिल्ह्याच्या गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावला 2012 मध्ये 1,006 हेक्टरवर हक्क मिळाला. या गावाने घेतलेला एक निर्णय मला फार महत्त्वाचा वाटतो. तेंदूपत्ता हे जंगलातल्या गावांचं सगळ्यात मोठं रोख उत्पन्न. पण त्यासाठी झाडं छाटावी लागतात, आगी लावल्या जातात. पाचगावने तेंदू तोडायचाच नाही असं ठरवलं आणि बांबूवर लक्ष दिलं. कोवळा बांबू राखायचा, परिपक्व काढायचा, बेट मोडायचं नाही, प्रतीनुसार वेगळा लावायचा. रोख मिळकतीचा एक मोठा मार्ग स्वतःहून बंद करण्याची ताकद गावाला कुठून आली? दुसऱ्या मार्गाचा पैसा गावाच्या ताब्यात होता म्हणून. उचल ठेकेदाराकडून आलेली असती, तर तेंदू सोडायचा विषय ग्रामसभेत निघालाच नसता. मिलिंद बोकिलांनी मेंढा आणि पाचगाव या दोन्ही गावांवर पुस्तकं लिहिली आहेत. जंगलाच्या अर्थकारणात रस असलेल्या वाचकाने ती जरूर वाचावीत. गावाची चर्चा आणि हिशेब कसे चालतात हे त्यांत तपशिलात आहे.

गडचिरोलीत आज हजाराहून अधिक गावांचे सामूहिक वनहक्काचे दावे मंजूर आहेत. कोरचीसारख्या तालुक्यात ग्रामसभांनी एकत्र येऊन महाग्रामसभा केली, कारण एकटं गाव व्यापाऱ्याशी भावाची घासाघीस करू शकत नाही. 2014 मध्ये राज्यपालांच्या अधिसूचनेने पेसा, म्हणजे अनुसूचित क्षेत्रांतल्या पंचायतींसाठीच्या कायद्याच्या, क्षेत्रात तेंदू आणि बांबूच्या विक्रीचा अधिकार ग्रामसभांकडे आला. पण भांडवलाचा प्रश्न इथेही सुटलेला नाही. बांबूतोड पावसाळ्यापूर्वी उरकायची असते आणि तोडणाऱ्याला दर आठवड्याला मजुरी लागते. खरेदीदार मात्र माल उचलल्यावर पैसे देतो, कधी तेव्हाही देत नाही. ठेकेदाराने तेंदूचं स्वामित्व शुल्क थकवलं आणि गावाला वर्षभर हेलपाटे घालावे लागले, असं अनेक ठिकाणी घडलं आहे. रोजगार हमीतून मजुरी काढायचा मार्ग काही गावांनी वापरला. तो चांगला आहे, पण त्याचेही पैसे वेळेवर येत नाहीत.

वनहक्काचा पट्टा वारसाने जातो, पण विकता किंवा हस्तांतरित करता येत नाही, अशी कायद्यात तरतूद आहे. ती योग्य आहे. तिच्यामुळेच जंगल गावाच्या हातून सुटणार नाही. मात्र 1,800 हेक्टर जंगलाच्या धन्याला बँक पन्नास हजारही देत नाही, ही त्याची दुसरी बाजू. पापुआ न्यू गिनीत जवळजवळ सगळी जमीन कुळांच्या सामूहिक मालकीची आहे आणि तिथेही नेमकी हीच अडचण आहे. तिथे खेडुतांसाठी रानात उचलून नेता येणाऱ्या छोट्या करवत यंत्रांचा प्रयोग झाला, म्हणजे ओंडके परदेशी कंपनीला विकण्याऐवजी फळ्या गावातच पाडायच्या. कल्पना चांगली, पण यंत्र, इंधन आणि दुरुस्तीचा पैसा आधी लागतो आणि जमीन गहाण ठेवता येत नसल्याने तो अनुदानावर अवलंबून राहिला.

एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. भारतात सामूहिक वनहक्कातून बांबू, मध, हिरडा, तेंदू विकता येतो. इमारती लाकूड नाही. वनहक्क कायद्यातलं गौण वनोपज म्हणजे वनस्पतीजन्य पण लाकूड सोडून बाकीचं सगळं. साग आणि ऐन ग्रामसभेच्या जंगलात उभे असले तरी विकायचे कुणी, याचं उत्तर कायदा देत नाही. त्याच वेळी वनविकास महामंडळ 1974 पासून सागाची लागवड आणि तोड करत आलं आहे आणि ग्रामसभांच्या हक्काच्या क्षेत्रात होणाऱ्या तोडीवरून गडचिरोली-चंद्रपूरकडे वाद झाले आहेत. लाकूड सरकारचं आणि पानं-बांबू गावाचे, अशी ही वाटणी आहे. माझ्या मते ती फार काळ टिकणार नाही. जे गाव बांबूचं बेट राखू शकतं, ते सागही राखू शकतं. पण लाकडाचा अधिकार भांडवलाची सोय न करता दिला, तर तो पहिल्याच वर्षी व्यापाऱ्याकडे जाईल. 1969 पूर्वीच्या मालकी सागाचं तेच झालं होतं.

लाकडाची तोड गावाच्या हाती असून जंगल टिकलं, याची उदाहरणं जगात आहेत. ग्वाटेमालाच्या पेतेन भागात 1990 मध्ये माया जीवावरण राखीव क्षेत्र झालं आणि पुढच्या काही वर्षांत गावांच्या संघटनांना 25 वर्षांच्या कराराने जंगल देण्यात आलं. सुमारे साडेतीन लाख हेक्टर जंगल आज या संघटना सांभाळतात. महोगनीची तोड अत्यंत विरळ, हेक्टरी एखाद्या झाडाच्या आसपास. प्रमाणपत्र मिळवणं ही करारातली अटच होती. या गावांच्या ताब्यातलं जंगल शेजारच्या काही राष्ट्रीय उद्यानांपेक्षा चांगलं टिकलं आहे. त्या उद्यानांत गुरांच्या कुरणांसाठी जंगल जाळलं गेलं. पैशाची बाजू पाहिली तर सुरुवातीला परदेशी मदत, नंतर खरेदीदारांची आगाऊ रक्कम, आणि 2003 मध्ये अनेक गावांनी मिळून काढलेली एक विक्री-कंपनी. एकत्र विक्रीमुळे खरेदीदाराशी वाटाघाटीची ताकद आली. मेक्सिकोच्या किंताना रू राज्यात 1983 मध्ये सुरू झालेल्या प्रकल्पात गावांनी एका कंपनीच्या पंचवीस वर्षांच्या मक्तेदारीनंतर आपलं जंगल परत घेतलं आणि महोगनीचं 75 वर्षांचं चक्र 25-25 वर्षांच्या तीन फेऱ्यांत आखलं. तिथल्या गावांचा कच्चा दुवाही ओळखीचा आहे. वर्षाखेर सगळा नफा सभासदांत वाटून टाकायचा आणि पुढच्या हंगामाच्या तोंडी खेळतं भांडवल नाही म्हणून खरेदीदाराकडून उचल घ्यायची.

आता व्याजाचा हिशेब. सागाचं एक चक्र नैसर्गिक जंगलात साठ-ऐंशी वर्षांचं. दसादशे बारा टक्के चक्रवाढ व्याजाने रुपया सहा वर्षांत दुप्पट होतो आणि साठ वर्षांत सुमारे 900 पट. नैसर्गिक मिश्र जंगलात लाकडाची वाढ वर्षाला काही टक्क्यांच्या पुढे जात नाही. म्हणजे जंगल वाढवण्यासाठी बाजारभावाने कर्ज काढणं कुणालाही शक्य नाही, ना गावाला ना सरकारला. जो काढेल, त्याला व्याजाच्या भीतीने वेळेआधी तोडावं लागेल. पण तोडीच्या हंगामासाठी लागणारं चार-सहा महिन्यांचं भांडवल ही वेगळी गोष्ट आहे. तिथे मजुरी दिली, माल डेपोत आला, विकला, कर्ज फिटलं. जंगलाच्या वित्तपुरवठ्याचा विचार करताना या दोन गरजा एकत्र केल्या की सगळा गोंधळ होतो. जंगल राखण्याचा, वणवा रोखण्याचा, रोपं लावण्याचा खर्च हा समाजाने उचलायचा खर्च आहे, त्याला व्याज लावू नये. तोडणी-विक्रीचा खर्च मात्र कर्जातून भागू शकतो आणि भागायला हवा.

समाजाने उचलायच्या खर्चासाठी पैसा नाही, असंही नाही. धरणं, खाणी, रस्त्यांसाठी जंगल गेलं की त्याची भरपाई म्हणून गोळा होणारा वनीकरण निधी आहे; ऑगस्ट 2019 मध्ये केंद्राने राज्यांना जे 47,436 कोटी रुपये वर्ग केले, त्यात महाराष्ट्राचा वाटा 3,844 कोटींचा होता. राधानगरीत दुर्गमानवाडच्या पठारावर बॉक्साइटच्या खाणी चालल्या. अशा ठिकाणच्या भरपाईचा पैसा शेजारच्या मालकी रानाच्या राखणीसाठी वापरला जावा, ही मागणी अजिबात अवास्तव नाही. कार्बनच्या बाजाराबद्दल आज पुष्कळ बोललं जातं. मला त्याच्यावर फार विसंबावंसं वाटत नाही, कारण छोट्या मालकांचं मोजमाप आणि तपासणी यांचा खर्चच उत्पन्न खाऊन टाकतो. 2023 मध्ये सुरू झालेल्या ग्रीन क्रेडिट योजनेबद्दल तूर्त एवढंच, की तिचा भर झाडं लावण्यावर आहे, उभं जंगल राखणाऱ्याला त्यात फारसं काही नाही.

प्रमाणपत्राचं काय? चांगल्या पद्धतीने काढलेल्या मालाला वेगळा भाव मिळावा, यासाठी 1993 पासून आंतरराष्ट्रीय वनप्रमाणन आहे आणि डिसेंबर 2023 मध्ये भारताने स्वतःची वन व लाकूड प्रमाणन योजना सुरू केली. आपल्याकडचं सगळ्यात आशादायक उदाहरण लाकडाचं नाही, हिरड्या-बेहड्याचं आहे. भीमाशंकर परिसरातल्या महादेव कोळी संग्राहकांना पुण्याच्या अप्लाइड एन्व्हायर्नमेंटल रिसर्च फाउंडेशनने फेअरवाइल्ड प्रमाणपत्र मिळवून दिलं आणि त्यांचा माल इंग्लंडमधल्या वनौषधी चहाच्या कंपनीकडे जाऊ लागला. बेहड्याच्या जुन्या झाडांच्या ढोलीत धनेश घरटं करतो. फळाला भाव मिळाला की ते झाड तोडायची गरज उरत नाही. याच संस्थेने संगमेश्वर तालुक्यात मालकी रानाच्या मालकांशी करार करून, ठरावीक वर्षं तोड न करण्याबद्दल त्यांना पैसे दिले. गरजवंत मालकाच्या हाती वेळेवर रोख रक्कम पोचवणं, हाच त्या कामाचा गाभा होता.

आणि आता पुन्हा कोल्हापूर. इथे पेसा लागू नाही, कारण जिल्ह्यात अनुसूचित क्षेत्र नाही. आदिवासींची संख्या कमी आहे. जंगलाच्या कुशीत पिढ्यान्‌पिढ्या राहतात ते गवळी धनगर. राधानगरी-शाहूवाडीतले धनगरवाडे रानात दूर-दूर विखुरलेले आहेत. महाराष्ट्रात धनगर समाज भटक्या जमाती (क) प्रवर्गात असल्याने वनहक्क कायद्यात त्यांना इतर पारंपरिक वननिवासी म्हणून दावा करावा लागतो आणि त्यासाठी 13 डिसेंबर 2005 पूर्वीच्या तीन पिढ्यांचं, म्हणजे 75 वर्षांचं वास्तव्य सिद्ध करावं लागतं. ज्यांच्या वाड्यांवर शाळा-रस्ते अलीकडे आले, त्यांनी 1930 च्या सुमाराचे कागद कुठून आणायचे? त्यांच्या दाव्यांबद्दल जिल्हा समितीने कागदांपेक्षा जुन्या समाध्या, पाणवठे, देवस्थानं, वृद्धांचे जबाब यांना मान द्यायला हवा. नियमांत ती मुभा आहे.

मालकी रानाची अडचण वेगळी. सातबाऱ्यावर वीस-वीस सहखातेदार, त्यातले निम्मे मुंबईत. काही जमिनींवर 1975 च्या खासगी वनसंपादन कायद्याच्या नोंदी. वाटणी झाली नाही म्हणून राखणही कुणाची नाही आणि उक्त्या सौद्यात सह्या मात्र लगेच गोळा होतात. त्याच रानाच्या कडेला माणगा, मेस, चिवा या बांबूंची बेटं आहेत. 2017 च्या दुरुस्तीने वनेतर जमिनीवरच्या बांबूला वन कायद्यातल्या झाडाच्या व्याख्येतून वगळलं, त्यामुळे शेतकऱ्याच्या बांबूची तोड-वाहतूक पुष्कळ सोपी झाली. शाहूवाडी, आजरा, चंदगडच्या शेतकऱ्याकडे दर वर्षी काढता येईल आणि तरीही बेट टिकेल असं हे पीक आहे. ते नियमित पैसा देऊ लागलं, तर उभ्या रानाला हात लावण्याची वेळ लांबते.

आणि इथे कोल्हापूरने स्वतःच्या अनुभवाकडे बघावं. हंगामात साखर पोत्यात भरली जाते, विकायला महिने लागतात. पण जिल्हा बँक त्या साठ्यावर कारखान्याला माल तारण कर्ज देते, म्हणून शेतकऱ्याला उसाची पहिली उचल मिळते. 1963 मध्ये उभ्या राहिलेल्या गोकुळ दूध संघाने दुधाला दर दहा-पंधरा दिवसांनी रोख मिळण्याची सवय लावली. हे नसतं तर ऊस गुऱ्हाळाच्या दलालाकडे आणि दूध गवळ्याकडे उक्तं गेलं असतं. ज्या जिल्ह्याने ही व्यवस्था उभी केली, त्याच जिल्ह्याच्या पश्चिमेला उभं रान उक्तं विकलं जातं.

कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण योजना आहेच. बाजार समितीच्या गोदामात माल ठेवायचा, त्याच्या किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंत रक्कम सहा टक्के व्याजाने सहा महिन्यांसाठी उचलायची. काजू बीसारखा डोंगरी माल त्या योजनेत आहे. तिच्यात गावाच्या डेपोत लावलेला बांबू आणि वनखात्याचा हातोडा पडलेलं, निवडून तोडलेलं मालकी लाकूड आणायला हरकत काय? अट एकच घालावी: सपाट तोडीच्या मालाला तारण नाही. दहा-वीस मालकांची एक सहकारी संस्था, एक डेपो, एक मोजणारा माणूस आणि दर दहा वर्षांनी कुठल्या भागातली कुठली झाडं काढायची याचा साधा आराखडा, एवढं असेल तर बँकेला समोर तारण दिसेल. कुटुंबाच्या अडीनडीसाठी वेगळी सोय हवी. आदिवासी भागातल्या खावटी कर्जासारखी, पण झाड न तोडण्याच्या करारावर दिलेली. लग्नाच्या महिन्यात व्यापाऱ्याआधी गावची संस्था त्या घराच्या दारात पोचली पाहिजे.

ठाण्याच्या जंगल कामगार संस्थांकडे भांडवल होतं, जंगल नव्हतं. गडचिरोलीच्या ग्रामसभांकडे जंगल आहे, भांडवल नाही. कोल्हापूरच्या पश्चिम तालुक्यांत मालकी आहे, त्याच जिल्ह्यात देशातल्या सगळ्यात अनुभवी सहकारी संस्था आहेत, आणि दोन्हींची भेट मात्र झालेली नाही. जिल्हा बँकेच्या, दूध संघाच्या आणि कारखान्यांच्या संचालकांमध्ये शाहूवाडी-चंदगडची माणसं आहेत. येत्या वार्षिक सभेत त्यांनी विषयपत्रिकेवर एक विषय घालावा: मालकी रान आणि बांबू यांच्यासाठी माल तारण कर्ज. सभासदांनी तो मांडायला लावावा. पहिल्या वर्षी एक तालुका, दोन गावं आणि एक डेपो, एवढ्याने सुरुवात होऊ शकते.